मागच्या दोन पट्ट्या

चाचा गाडीकडे नंतर बघतात, आधी तिच्यावरचा चिखल बघतात. दाराच्या खालच्या कडेवरून ते बोट फिरवतात, बोटाला लागलेला गोळा चिमटीत चुरगाळतात आणि विचारतात, "काल म्हैसाळकडं गेला हुता न्हवं, सर?"

मी हो म्हणतो. कृष्णेकाठची काळी माती चाचांच्या दोन बोटांत लोण्यासारखी पसरलेली आहे.

सकाळचे साडेसात वाजलेत. मिरज शहर संपून पंढरपूरचा रस्ता जिथे मोकळा होतो, तिथे पत्र्याच्या शेडखाली चाचांचं दुकान आहे. रात्रीपासून रिपरिप चालू आहे. आषाढातला आमच्याकडचा पाऊस असाच असतो. घाटाकडे तो कोसळतो, इथे येईपर्यंत त्याची नुसती भुरभुर उरते. चिखलाला हाच पाऊस मानवतो. मुसळधार सर आली की रस्ता धुऊन निघतो, पण रिपरिपीत ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातून आणलेली माती वाहून जात नाही. ती भिजते, मळली जाते आणि डांबरावर तिचा लेप बसतो. आता आडसाली उसाच्या लागणीचे दिवस आहेत. सऱ्या सोडून रस्त्यावर येणारा प्रत्येक ट्रॅक्टर आपल्या वावराचा थोडा भाग बरोबर घेऊन येतो.

शेडसमोर माझ्या आधी तीन गाड्या उभ्या आहेत, त्यांतल्या दोन बाहेरगावच्या. एक सिंधुदुर्गची, 07 नंबरची. तिच्या चाकांच्या कमानींवर आंबोलीकडची तांबडी जांभ्याची माती वाळली आहे. दुसरी कर्नाटकातली, 28 म्हणजे विजापूरची. ती अथणीमार्गे काळी माती घेऊन आली आहे. दोन्ही गाड्यांतली माणसं दवाखान्यात पेशंट सोडून आलेली दिसतात. 1894 साली डॉक्टर वानलेस यांनी इथे मिशन हॉस्पिटल सुरू केलं, तेव्हापासून कोकण आणि कर्नाटक दोन्हींकडची दुखणी मिरजेच्या वाटेला लागली. त्या वाटांची माती चाचांच्या शेडमध्ये एका ओळीत बघायला मिळते.

"तांबडी डाग पाडती," चाचा म्हणतात, "काळी धरून बसती. डाग घासून काढता येतो. पण धरून बसल्याली माती आत ओल ठेवती, आन् ओल पत्रा खाती."

माझ्या गाडीला चारही चाकांमागे काही नाही. चार वर्षांपूर्वी गाडी घेताना मी मड फ्लॅपचं, चाकामागच्या पट्ट्यांचं, विचारलं होतं. विकणारा मुलगा म्हणाला, गरज नाही, उगाच खर्च, गाडीची शोभा जाते. मला पटलं. चार पावसाळे मी तसेच काढले.

आज इथे यायचं कारण कालचं आहे. म्हैसाळहून परत येताना गावात शिरेपर्यंत मी बऱ्यापैकी वेगात होतो. गांधी चौकात गाडी थांबली तशी एक स्कूटर बाजूला येऊन उभी राहिली. चालवणाऱ्या पोराच्या कपाळापासून छातीपर्यंत काळे ठिपके होते. मागे बसलेल्या माणसानं गोधडीत गुंडाळलेला तंबोरा उभा, लेकरासारखा छातीशी धरला होता. भोपळ्याच्या जागी फुगलेली गोधडी चिखलानं माखली होती. पोरानं शिवी दिली नाही. बाहीनं डोळे पुसले आणि म्हणाला, "काका, मागं कोण हाय ते बघत जावा." सिग्नल सुटला आणि ते सतारमेकर गल्लीच्या दिशेनं गेले. रात्री मला नीट झोप लागली नाही.

"चाचा, लवकर होईल ना?" मागच्या सीटवरून अक्का विचारते. तिच्या मांडीवर धडप्यात बांधलेल्या भाकऱ्या आहेत, पायाशी पिठल्याचं पातेलं. पहाटे चारला उठून तिनं आणि तिच्या सुनेनं पन्नास भाकऱ्या थापल्या आहेत. पंढरीला निघालेल्या एका दिंडीला वाटेवरच्या भोसे गावात न्याहारी द्यायची, हा आमच्या आईनं घालून दिलेला नेम. आई गेल्यावर तो अक्काकडे आला.

"अर्धा तास, अक्का. माउली काय तुमच्याबिगर जेवत न्हाईत," चाचा म्हणतात आणि हाक मारतात, "बारक्या, पट्ट्या आण रं."

बारक्या दोन प्रकारच्या पट्ट्या आणतो. एक कडक प्लॅस्टिकची, माझ्याच मॉडेलसाठी साच्यातून काढलेली, गाडीच्या कमानीला बिलगून बसणारी. दुसरी जाड काळ्या रबराची, कुठल्याही गाडीला कापून लावता येणारी. चाचा दोन्ही माझ्या हातात देतात. प्लॅस्टिकची दिसायला देखणी आहे. रबराची वाकवली की वाकते आणि सोडली की सरळ होते.

"गावातल्या गावात फिरणार असाल तर ही," ते प्लॅस्टिककडे बोट दाखवतात. "शेताच्या वाटंला जाणार असाल तर रबर. दगडाला अडकलं तर प्लॅस्टिक तडकतं. रबर वाकून सुटतं."

मी रबर घेतो.

"स्टेरिंग डावीकडं फुल मारा."

मी मारतो. पुढचं चाक वळून बाहेर येतं आणि मागे हात जायला जागा होते. चाचा गोणपाटावर आडवे होतात. कमानीच्या आतलं काळं प्लॅस्टिक ज्या स्क्रूंनी धरलेलं असतं, त्यांतले तीन ते सोडवतात. प्लॅस्टिकची कड ओढली जाते तशी तिच्यामागून ओंजळभर वाळलेली माती भसकन खाली पडते. चार पावसाळ्यांची माती. पायदानाखालचा पत्रा त्यांनी हातानं पुसला तर तिथला रंग दाण्यादाण्यानं उडालेला आहे. एके ठिकाणी तांबूस डागही दिसतो.

"हे बघा. पुढच्या चाकानं हाणल्याली खडी. तुमच्याच गाडीनं तुमच्याच गाडीला मारल्याली."

तांबूस जागा ते पॉलिश कागदानं घासतात, वर गंज न लागू देणारा रंग फिरवतात. तो वाळेपर्यंत बारक्या पाइपनं बाकीच्या तिन्ही कमानी आतून धुतो.

"नवीन भोक पाडणार का?" मी विचारतो.

"कशाला? कंपनीनं दिल्याल्या भोकातच बसवायचं. पत्र्याला भोक पाडलं की तिथनं गंज सुरू. लई पोरं घाईत ड्रिल मारत्यात. दोन वर्सांनी मालक माझ्याकडं येतो."

रबर चाकामागे धरून ते खडूनं खूण करतात आणि कात्रीनं खालचा कोपरा तिरका कापतात. चाक आणि पट्टी यांच्यामध्ये दोन बोटं सरकवून बघतात. मग मला स्टेअरिंग उजवीकडे फुल मारायला लावतात, पुन्हा डावीकडे, आणि दोन्ही वेळा कान लावून बसतात. घासल्याचा आवाज येत नाही. अक्काला खाली उतरवत नाहीत. "माणूस बसल्यावर गाडी जेवढी बसती, तेवढी जागा खाली राहायला पायजे. रिकाम्या गाडीचं माप खोटं."

इतका वेळ शेडच्या खांबाला टेकून एकजण बघत उभा आहे. बेडगचा द्राक्षबागायतदार आहे, पिकअपचं पंक्चर काढायला आलाय. आता त्याला राहवत नाही.

"सर, पैसं पाण्यात घालताय. मी लावलं हुतं. बागंच्या वाटंवर दोन म्हैन्यांत दोन्ही निघून पडलं, स्क्रूसकट."

चाचा आडवे असतानाच विचारतात, "पुढं जाताना निघालं का मागं घेताना?"

तो आठवतो. "मागं घेताना."

"मग पट्टी लांब हुती. रिव्हर्स घेताना बांधाला टेकली, वाकून चाकाखाली गेली, आन् चाकानं ओढून काढली. चार बोटं आखूड कापायची. त्यात रबराची चूक न्हाई, मापाची हाय."

"ऱ्हाऊ द्या की. पुढचं ठीक हाय, आपला पत्रा वाचतो. पण मागच्या पट्ट्यांचा आपल्याला काय उपेग? मागच्या चाकाचा चिखल आपल्या गाडीवर येतच न्हाई. जो मागनं येतो त्याच्यावर जातो."

मागच्या चाकानंही थोडा चिखल गाडीच्या ढुंगणावर, नंबरप्लेटवर चढतोच. पण त्याचं म्हणणं मुळात खरं आहे, आणि मड फ्लॅप बसवावेत की नाही याचा निकाल तिथेच लागतो. पुढच्या दोन पट्ट्या गाडीवाल्याच्या असतात. त्या त्याचे दरवाजे, त्याचं पायदान, त्याचा रंग वाचवतात. मागच्या दोन पट्ट्यांचे पैसे तो देतो आणि लाभ अशा माणसाला होतो, जो त्याला कधी भेटणार नाही.

चाचा उठून बसतात. हात पुसत पुसत म्हणतात, "तुमच्या म्होरं पण कोण तरी असतोच की रस्त्यावर."

बागायतदार गप्प होतो. पिकअपची काच पुसत असलेल्या आपल्या पोराकडे बघतो. मग विचारतो, "पिकअपला बसत्यात काय?"

मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. फळ्यावर चाक काढून मुलांना सांगायचो, की घरंगळणाऱ्या चाकाचा जमिनीला टेकलेला बिंदू त्या क्षणापुरता स्थिर असतो आणि माथ्यावरचा बिंदू गाडीच्या दुप्पट वेगानं पुढे जात असतो. मुलांना नवल वाटायचं. त्याच आकृतीत चिखल कसा उडतो तेही लिहिलेलं होतं, पण ते मी कधी वाचलं नाही. चाकाच्या मागच्या अंगानं सुटलेला चिखल रस्त्याच्या हिशेबानं मागे जातच नाही. तो वर उठतो, जरासा पुढेच ढकलला जातो आणि हवेत लोंबकळतो. मागून येणारा त्याच्यात येऊन शिरतो. ताशी 60 किलोमीटरनं येणारा दुचाकीवाला सेकंदाला जवळजवळ 17 मीटर कापतो. हवेत उठलेला खडा त्याच्या तोंडावर त्याच्याच वेगानं बसतो. कालच्या पोरानं डोळे पुसले तेव्हा त्याच्या पापणीखाली काय गेलं असेल, हे मला आत्ता, चाचांच्या गोणपाटाशेजारी उभं राहून दिसतंय.

मागची दोन चाकं चाचा अधिक वेळ घेऊन करतात. तिथे स्टेअरिंग फिरवून जागा करता येत नाही, म्हणून जॅक लावून चाक काढतात. पट्टी बसल्यावर चार पावलं मागे जाऊन उकिडवे बसतात, एक डोळा मिटतात. डावी पट्टी उजवीपेक्षा बोटभर खाली आहे. पुन्हा कात्री.

"पावसाळ्यात आठवड्यातनं एकदा पट्टीच्या आतनं पाणी मारा," ते सांगतात. "न्हाईतर जी माती पट्टी अडवती, तीच मागं साठून पत्र्याला चिकटती. आन् एक सांगतो सर. ह्या पट्ट्या मागं उडणारं अडवत्यात. डबक्यातनं गाडी घातली की पाणी बाजूला फाकतं. ते रबरानं अडत न्हाई. ते पायानं अडवायचं."

चार पट्ट्या, रंग आणि मजुरी धरून मी जे पैसे देतो त्यात गाडीचं एक टायरसुद्धा येणार नाही.

आम्ही निघतो. तानंग फाटा मागे पडतो. रत्नागिरी-नागपूर महामार्ग चौपदरी झाल्यापासून इथे गाड्या वाऱ्यासारख्या जातात. मी सत्तरवर आहे आणि नजर पुन्हा पुन्हा आरशात जाते आहे. मागे मोटारसायकलवर नवरा-बायको आहेत, मध्ये प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेलं पोर. कालपर्यंत माझ्यामागे करडा पडदा उठायचा. आज तो पुरता गेलेला नाही. पाण्याचे बारीक तुषार अजून उडतात, धुक्यासारखे, आणि ते कुठल्याही पट्टीनं थांबणार नाहीत. पण चिखलाचे जड थेंब दिसत नाहीत. मोटारसायकलवाला हेल्मेटची काच पुसत नाही. मी त्याला तीन किलोमीटर बघतो. तो एकदाही काच पुसत नाही.

"सारखं मागं काय बघतोस?" अक्का विचारते. "पुढं बघ. दिंडी लागली."

डाव्या कडेनं पांढरी रांग चालली आहे. पुढे भगवी पताका, भिजून काठीला चिकटलेली. मृदंगावर प्लॅस्टिकचा कागद, वीणा उपरण्याखाली. डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका, खांद्यावरून पाठीवर सोडलेले निळे-पिवळे कागद. कोल्हापूरच्या बाजूनं निघालेली दिंडी असावी, चालून काही दिवस झाले असतील, तरी धोतरं पांढरी आहेत. रात्री मुक्कामाला धुवायची, पहाटे अर्धी ओली नेसायची आणि चालू लागायचं. रांगेच्या शेवटी सामानाचा ट्रक मुंगीच्या पावलानं येतोय. त्याच्या मागच्या चाकांमागे जमिनीपासून वीतभर वर लोंबणाऱ्या रुंद रबरी पट्ट्या आहेत आणि प्रत्येकीवर पांढऱ्या रंगात एकच शब्द रंगवलाय: माउली.

रस्त्याच्या कडेला, नेमकं चालणाऱ्यांच्या पायाशी, लांबट डबकं साचलं आहे. मी पाय काढतो. तिसरा गिअर, दुसरा. चारही दिवे लुकलुकते ठेवतो, म्हणजे मागच्यांना कळेल.

तेवढ्यात उजवीकडून एक मोठी गाडी मला ओलांडून पुढे घुसते आणि त्याच वेगात डाव्या लेनमध्ये येते. तिला चारही पट्ट्या आहेत, कंपनीच्या, झकपक. त्या आपलं काम चोख करतात, गाडीच्या मागे काही उडत नाही. पण डावं चाक डबक्यात पडतं आणि पाण्याची काळी पात बाजूला फाकून कमरेइतकी उंच उठते. दोन म्हातारे आणि एक बाई जागच्या जागी थांबतात. एकाचं धोतर मांडीपासून खाली काळं झालंय. गाडी केव्हाच पुढे गेलेली आहे. म्हातारा उपरण्याच्या टोकानं तोंड पुसतो, टाळ सावरतो आणि रांगेत मिसळतो. टाळाचा ठेका चुकला तेवढाच.

अक्कानं भाकरीच्या धडप्यावर दोन्ही हात घट्ट दाबून धरलेत. "यांना वाढायला निघालो आपण," एवढंच ती म्हणते.

मी पहिला गिअर टाकतो. चाक डबक्यात उतरतं तेव्हा माणूस चालतो तेवढा वेग आहे. पाणी टायरच्या कडेला लाटेसारखं हलतं आणि पुन्हा आपल्या जागी बसतं. आमच्या काचेशेजारून तुळस डोक्यावर घेतलेली एक आजी चालली आहे. तिचं नऊवारी काठापर्यंत स्वच्छ राहतं. मागे एक टेम्पो हॉर्न वाजवतो, पुन्हा वाजवतो, मग तोही दिवे लुकलुकवतो आणि माझ्यामागे हळू होतो.

भोसे येतं. यल्लम्माच्या देवळाजवळचा मोठा वड आता नाही. 2020 साली हा महामार्ग त्याच्यावरून जाणार होता, माणसं झाडासाठी उभी राहिली आणि रस्त्याची आखणी बदलली. 2022 मध्ये ते झाड आपसूक पडलं. आई याच वडाखाली पातेलं मांडायची. वारकरी पारंब्यांत बसायचे. आम्ही आता थोडं पुढे, एका बंद दुकानाच्या ओट्यावर भाकऱ्या उतरवतो. अक्का पिठलं ढवळते, मी कांदे फोडतो.

दिंडी यायला अजून अवकाश आहे. मी मागच्या डाव्या चाकाजवळ उकिडवा बसतो आणि पट्टीच्या आतून बोट फिरवतो. बोट दुसऱ्या पेरापर्यंत चिखलात रुततं. एवढ्याशा अंतरात एवढा. पट्टीच्या बाहेरच्या अंगाला नुसतं पावसाचं पाणी आहे, रबर काळं कुळकुळीत दिसतंय. मी चिमटीतला गोळा चाचांसारखा चुरगाळतो. तो मोटारसायकलवरल्या त्या तिघांपर्यंत पोचलेला नाही.

टाळांचा आवाज जवळ येतो. रांग ओट्यापाशी थांबते, ओझी खाली ठेवली जातात, गुडघे धरून माणसं टेकतात. धोतर काळं झालेला तो म्हातारा माझ्यासमोरच बसतो. त्याचे हात कोपरापर्यंत चिखलानं भरलेत आणि तो भाकरीसाठी ते पुढे करायला संकोचतोय.

"थांबा, माउली," मी म्हणतो.

अक्का गाडीतून पाण्याचा तांब्या आणून देते. मी त्याच्या हातांवर धार धरतो. पहिलं पाणी काळं वाहतं, दुसरं करडं. तिसऱ्या धारेला त्याच्या तळव्यावरच्या रेषा दिसायला लागतात. मी तांब्या उपडा करेपर्यंत तो हात चोळत राहतो. मग अक्का पुढे होते आणि त्या ओल्या, उघड्या तळव्यांवर भाकरी ठेवते.